सव्वीस सह्या

आमच्या त्या वर्गात 'सर्वानुमते' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कोणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर सर खडू खाली ठेवायचे आणि त्याला उभं करायचे. "घरात माणसं किती? पाच? काल भाजी कुठली होती?" पोरगं म्हणायचं, भेंडी, पण मला आवडत नाही सर. "म्हणजे पाच जणांच्या घरात भेंडी सर्वानुमते होत नाही, आणि अख्ख्या गावाचा ठराव सर्वानुमते होतो! बसा खाली."

विषयाचं नाव 'नागरी जीवन आणि नेतृत्व'. आमची डिग्री बी.कॉम.ची. नव्या धोरणात सोबत एक मायनर घ्यावाच लागतो, आणि नाशिक रोडच्या आमच्या कॉलेजात मी अर्ज भरायला पोचले तेव्हा दोनच मायनर शिल्लक होते. त्यातल्या एकात गणित होतं. म्हणून मी नेतृत्व शिकायला गेले. बाकीचे पंचवीस जण याहून उदात्त कारणाने आले असतील असं मला वाटत नाही.

सर खरे तर प्राध्यापक नव्हतेच. उभी नोकरी ग्रामसेवक म्हणून गावोगाव केलेली, निवृत्तीनंतर कॉलेजने तासिका तत्त्वावर बोलावलेले. साठी उलटून गेली होती. बारीक अंगाचे, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा चहाचा थर्मास. बाहेरचा चहा ते घेत नसत. स्टाफरूममध्ये कोणी कप पुढे केला तर म्हणायचे, "आधी विषय सांगा, मग चहा." पहिल्या आठवड्यात लोक हसले, दुसऱ्या आठवड्यात कोणी कप पुढे करीना.

आम्हा सगळ्यांना ते अहो-जाहो करत. "नागरिक, पंखा लावा." "नागरिक, मोबाईल पिशवीत ठेवा." अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना एवढा मान कोणी फुकट देत नाही, याला काहीतरी हवंय, असं माझं पहिल्याच दिवशी मत झालं.

आणि त्याला कारणही होतं. पहिल्या तासाला त्यांनी नाव कोणाचंच विचारलं नाही. गाव विचारलं. गाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "घरात पदावर कोण? सरपंच, सदस्य, सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, जे असेल ते." उत्तरं एका काळ्या डायरीत टिपून घेत होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, आम्ही इथलेच, घरात पदावर कोणी नाही. "आजोळ?" सायखेड्याच्या पलीकडे, गोदाकाठचं एक गाव, मी म्हणाले, मामा तिथे सरपंच आहेत. तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि डायरीतल्या त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली. ती रेघ माझ्या डोक्यातून दिवसभर गेली नाही.

इथे मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं. माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. ड्युटी सुटली की दारावर रोज झडती, ऊन असो पाऊस असो, हात वर करून उभं राहायचं. बत्तीस वर्षं तशी काढल्यावर माणसाचा स्वभाव काय होणार? आमच्या घरात संशयाला कोणी वाईट म्हणत नाही, दात घासण्यासारखी ती एक रोजची शिस्त आहे. मी डायरीची गोष्ट सांगितली तशी बाबांनी ताटातून मान वर केली. "माहिती गोळा करतोय तो. जपून राहा," म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

वर्गातही तर्क चालू होते. कोणी म्हणे निवडणूक जवळ आलीय, सर एका पक्षाच्या याद्या बनवतायत. कोणी म्हणे विमा एजंट असणार. निफाडकडचा एक मुलगा एक दिवस खबर घेऊन आला की सर नोकरीत असताना निलंबित झाले होते, बोगस ठराव लिहिला म्हणून. मला मनातून बरं वाटलं. आपला अंदाज खरा निघाला की माणसाला बरंच वाटतं.

त्यांच्या सवयींनी तर संशय वाढतच गेला. कुठल्याही कागदावर मोकळी जागा त्यांना बघवत नसे. वहीचं अर्धं पान रिकामं दिसलं की लाल पेनाने त्यावर आडवी तिरकी रेघ. उत्तरपत्रिकेत दोन उत्तरांच्या मध्ये चार ओळी सोडल्या, तर तिथेही रेघ. एका मैत्रिणीने बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तिच्यावर 'आपले नम्र'च्या वर सुंदर मोकळी जागा होती, तिथेही मारली. ती रडवेली झाली. सर म्हणाले, "रागावू नका नागरिक. सहीच्या वर जागा मोकळी ठेवणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणं. सही तुमची असते, वरचा मजकूर मागून दुसरा कोणी लिहितो."

वर्गप्रतिनिधी निवडायची वेळ आली. आम्ही आपसात ठरवून एक नाव दिलं, भांडण नको म्हणून. सरांनी विचारलं, दुसरा उमेदवार कोण? कोणीच नाही. "मग निवडणूक रद्द." पुढच्या तासाला तेच. तिसऱ्या तासाला त्यांनी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली आणि म्हणाले, या मुलाबद्दल जे बोलायला घाबरता ते लिहा, नाव घालू नका. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. तो मुलगा लालेलाल. एका चिठ्ठीत होतं, हा मुलींना बोलू देत नाही. ती माझी होती. शेवटी मीच उभी राहिले आणि तीन मतांनी निवडून आले. हरलेल्या मुलाला सरांनी समोरचा बाक दिला. "तुम्ही विरोधी पक्ष. यांना रोज एक प्रश्न विचारायचा. ज्या दिवशी विचारणार नाही, त्या दिवशी तुमची गैरहजेरी." तो मुलगा पुढचं सगळं सत्र माझा जीव खात होता.

नेतृत्वाचं प्रकरण त्यांनी एका तासात संपवलं. प्राचार्य मॅडमनी त्यासाठी एका तरुण पुढाऱ्याला भाषणाला बोलावलं होतं. पांढरे कपडे, गॉगल, सोबत सहा जण. त्याने पाऊण तास स्वतःची गोष्ट सांगितली. शेवटी सर उठले. "एकच विचारतो. कोणाचं तरी ऐकून तुम्ही तुमचं मत बदललं, असं शेवटचं कधी झालं?" पुढारी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हे खरंच विचारतायत. तो घड्याळाकडे पाहून उठला. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'प्रकरण चार समाप्त'. मॅडमचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

आणि एकदा, काही संदर्भ नसताना, ऑगस्टच्या आधीच्या त्या कुंद दिवसांत, त्यांनी स्वतःच सांगितलं.

"तुमच्या कानावर आलंच असेल की मी निलंबित झालो होतो. खरं आहे. एका गावात सार्वजनिक विहीर मंजूर होती. ती खालच्या आळीत व्हायची होती. ती पाटलांच्या आळीत जावी असा ठराव मी लिहिला. सभा झालीच नव्हती. शिपायाने घरोघर रजिस्टर फिरवून सह्या आणल्या, बायांनी अंगठे दिले, रेशनचं काहीतरी असेल म्हणून. मी वर लिहिलं, सर्वानुमते मंजूर. सहा महिने निलंबित होतो, परत घेतलं मला. खालच्या आळीतल्या बाया अकरा वर्षं नदीवरून पाणी आणत होत्या. त्यानंतर मी खोटी ओळ लिहिली नाही. उरलेल्या नोकरीत माझ्या बारा बदल्या झाल्या." मग त्यांनी फळा पुसला आणि गणपूर्ती शिकवायला घेतली. ग्रामसभेला शंभर माणसं जमली नाहीत तर ती तहकूब करावी लागते, वगैरे.

एकदोघींचे डोळे भरले होते. मी मात्र विचार करत होते, आपलं पाप असं आपणहून चव्हाट्यावर कोण मांडतं? ज्याला आणखी मोठं काही झाकायचंय तोच.

त्याच आठवड्यात त्यांनी प्रकल्प जाहीर केला. सगळ्या वर्गाने एक ग्रामसभा प्रत्यक्ष बघायची आणि अहवाल लिहायचा. कोणतं गाव? सरांनी काळी डायरी उघडली आणि माझ्या मामाच्या गावाचं नाव वाचलं. का, असं विरोधी पक्षाने विचारलं. "कारण डायरीतल्या सरपंचांच्या गावांपैकी या पंधरवड्यात विशेष ग्रामसभेची नोटीस तिथेच लागलीय. बाकीच्या गावांच्या सभा कागदावरच होतात, त्या बघायला जायची गरज नाही." मला हे कारण पटलं नाही. ती लाल रेघ मला आठवत होती. मी मामाला फोन केला. मामा खूश. "येऊ दे की समद्यांना! जेवायला घालतो, गाड्या धाडतो. आपल्या भाचीचं कॉलेज हाय."

मामाने दोन गाड्या पाठवल्या. सर गाडीत बसले नाहीत, एसटीने आले.

सभा मारुतीच्या सभामंडपात होती. आम्ही पोचल्या पोचल्या जेवणं झाली, वांग्याची भाजी, पोळ्या, जिलेबी. सर पारावर बसून आपली भाकरी खात होते. मामा पंक्तीत वाढत वाढत माझ्याशी बोलत होता. मामा तसा उमदा माणूस. माझ्या दहावीला त्याने अख्ख्या गावात पेढे वाटले होते. म्हणाला, गायरानावर कांद्याचं गोदाम आणायचंय, कांदा सडतो दरवर्षी, गावाचं भलं होईल.

"पण गायरानावर तर झोपड्या आहेत ना मामा?" लहानपणी मी तिथे खेळायला जायचे. पेठ-सुरगाण्याकडची माणसं, द्राक्षबागांच्या कामाला आलेली आणि मग तिथेच राहिलेली. आठ-दहा घरं, पंधरा वर्षांपासूनची.

"आवणीला गेलेत समदे आपल्या गावाकडं, भात लावायला. येत्या आठवड्यात जेसीबी बोलावलाय. ते यायच्या आत साफ झालं म्हंजी कटकट नाय." त्याने माझ्या ताटात आणखी एक जिलेबी ठेवली. मी ती खाल्ली, हे मला सांगायला हवं.

सभा सुरू झाली तेव्हा सर बाहेर फलकावरची नोटीस वहीत उतरवून घेत होते. आत माणसं कमी होती. ग्रामसेवक मोजत होता, पुन्हा मोजत होता, आणि मामाकडे बघत होता. मामा रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला. "शंभरला थोडी कमी पडत्यात बाय. तुझ्या पोरांना सांग आल्याची सही करायला. तुमच्या कॉलेजलाबी पुरावा होईल."

रजिस्टरवर वर छापलेलं होतं: ग्रामसभा, उपस्थित मतदार. मी ते वाचलं. वाचून त्यावर पहिली सही मी केली. मग पुढच्या रांगेतल्या मुलाच्या मांडीवर ते ठेवलं आणि म्हणाले, "सह्या करून पुढे द्या." कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरीच्या धाकाने आमची पोरं समोर येईल त्या तक्त्यावर सही करतात, वर काय लिहिलंय ते बघत नाहीत. रजिस्टर पाच मिनिटांत फिरून आलं. सव्वीस सह्या. गणपूर्ती झाली.

गोदामाचा विषय नोटिशीत नव्हता. तो 'ऐनवेळचे विषय' म्हणून आला. ग्रामसेवकाने भरभर वाचला, गायरानावरील अतिक्रमण काढून जागा गोदामासाठी देणेबाबत. तेवढ्यात मागून सर आले. त्यांच्यासोबत एक बाई होती, पोटुशी, दिवस भरत आलेले. पुरतं माहेरपण करावं अशा दिवसांत ती चिखलातून चालत आली होती. सर तिला म्हणाले, "तुम्ही मतदार आहात, तुम्हाला बोलता येतं. मला येत नाही, मी बाहेरचा. बोला."

ती उभी राहिली. "आमचं घर हाय तिथं. येत्या आठवड्यात जेसीबी येनार म्हनत्यात. घरची समदी आवणीला गेलीत. मी अशी, म्हनून ऱ्हायले. ती येऊस्तवर तरी थांबा."

"बस ताई, बस. नंतर बोलू आपण," मामा म्हणाला. ग्रामसेवकाने वाचलं, सर्वानुमते मंजूर. आमच्या पोरांपैकी दोघं सवयीने हसली, आणि मग एकदम गप्प झाली.

सर पुढे गेले आणि त्यांनी रजिस्टर मागितलं. ग्रामसेवक तरुण होता, जुन्या माणसाचा मान म्हणून त्याने दिलं. सरांनी पानं उलटली. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेका रांगेकडे. मी खाली बघितलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि इतिवृत्ताच्या पानावर उरलेल्या कोऱ्या जागेवर रेघ मारली, तसा मामाने रजिस्टर हिसकावून घेतलं. "मास्तर, पाव्हणे म्हनून आलात, पाव्हण्यावानी ऱ्हावा." सरांनी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली आणि ते एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. ती बाई त्यांच्या मागे काही पावलं गेली. "सायेब, काय लिवलं आमच्या नावानं?" तिचा आवाज मला मंडपात ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्राचार्यांना कळवलं की विद्यार्थ्यांच्या सह्या मतदार म्हणून लागल्यात आणि ते गटविकास अधिकाऱ्यांना लिहिणार आहेत. मॅडम घाबरल्या. कॉलेजचं नाव पेपरात येईल. त्यांनी वर्गप्रतिनिधी म्हणून मला बोलावलं. सरळ प्रश्न होता. सह्या करायला कोणी सांगितलं?

डोक्यात बरंच फिरून गेलं. मामाचं नाव आलं तर आई काय म्हणेल. बी.कॉम.चं काय होईल. आणि ती लाल रेघ. या माणसाने मला पहिल्या दिवसापासून हेरलं होतं, माझ्या मामाच्या गावात मुद्दाम नेलं होतं, याचं मामाशी जुनं काही असणार, मी फक्त प्यादं होते. हे सगळं मी तेव्हा खरोखर मानत होते का? अर्धंमुर्धं. पण तेवढं मला पुरलं.

"सरांनी," मी म्हणाले.

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

पुढच्या सोमवारी सर आले नाहीत. त्यांच्या जागी एक नव्या मॅडम आल्या, स्लाइड दाखवायच्या. नेत्याचे सात गुण. वर्गात कुजबुज झाली आणि थांबली. रजिस्टर कोणाकडून सुरू झालं ते पोरांना आठवत नव्हतं; ते आलं, त्यांनी सही केली, पुढे सरकवलं. ठरावाला स्थगिती मिळाल्याचं आईकडून कळलं. मामा फोनवर सरांना लाखोली वाहत होता. झोपडीवाले आवणी उरकून परत आले, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला झाडून सगळे बसले, आणि विषय बारगळला.

मला आनंद झाला नाही. भीती वाटली. सरांनी त्या पत्रात माझ्याबद्दल काय लिहिलंय? हा एकच विचार. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "कागद मागव. कागद बघितल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू नये." म्हणून मी पंचायत समितीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. अर्ज कसा लिहायचा ते सरांनीच शिकवलं होतं.

महिन्याने प्रत आली. एक पान, सुवाच्य अक्षर. सभेत बाहेरच्या सव्वीस विद्यार्थ्यांच्या सह्या मतदार म्हणून घेतल्या, त्या वगळता गणपूर्ती होत नाही, सबब ठराव ग्राह्य धरू नये. नावांची यादी. आणि त्याखाली एक ओळ: 'सदर सह्या करण्यास मीच विद्यार्थ्यांना सांगितले होते.'

ती ओळ मी परत परत वाचली. ज्या माणसाने बारा बदल्या सोसल्या पण खोटी ओळ लिहिली नाही, त्याने माझ्यासाठी ती लिहिली होती. मला रडू आलं. मला वाचवायला, असं वाटलं. इतकं चांगलं माझ्याशी कोणी वागलं नव्हतं, आणि मी त्यांना काय काय समजत होते.

मी पत्ता काढून जेल रोडला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, व्हरांड्यात तुळस. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं, बसा म्हणाले. मी पत्राची प्रत पुढे केली आणि म्हणाले, "सर, तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत."

"तुमच्यासाठी?" त्यांना खरंच नवल वाटलं. "छे. प्राचार्यांनी तुमचा जबाब मला दाखवला. सही पहिली तुमची होती, त्यामुळे रजिस्टर कोणाकडून सुरू झालं ते मला माहीत होतं. पण तुमचा जबाब एक आणि माझा दुसरा पडला असता तर चौकशी लावली असती. चौकशी दोन-तीन महिने चालते. जेसीबी आठवड्यावर होता. म्हणून मी तुमच्या जबाबाला जुळेल असं लिहिलं. चार दिवसांत स्थगिती आली."

माझं कौतुक, माझ्यावरची माया, काहीच नव्हतं त्यात. त्यांना त्या बाईचं घर वाचवायचं होतं आणि मी वाटेतली एक अडचण होते.

"आता घरं वाचली," ते म्हणाले. "आता तुम्ही खरं लिहून द्या."

"तुम्हाला परत घेतील?"

"नाही घेणार. तो मुद्दा नाही." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खोटं माझ्या सहीने लिहिलंय. मी म्हणालो की ते खोटं होतं, तर कोण मानेल? विहिरीच्या वेळी एकदा खोटं लिहिलेलंच आहे मी. ते खोटं आहे हे सांगू शकणारी एकच व्यक्ती आहे. तुम्ही."

मला पंधरा दिवस लागले. तीन ओळींचा अर्ज. 'सह्या करण्यास सरांनी सांगितले नव्हते. मी सांगितले. सरपंच माझे मामा असून रजिस्टर त्यांनी माझ्याकडे दिले होते.' पहिल्या दोन ओळी मी लवकर लिहिल्या. तिसरी गाळून पाहिली. गाळली की अर्ज पुन्हा अर्धा खोटा व्हायचा. कॉलेजच्या क्लार्कने वाचून विचारलं, आता कशाला हे, प्रकरण मिटलंय. मी त्याच्या टेबलापाशी उभी राहिले ते आवक शिक्का मारेपर्यंत. मग एक प्रत पंचायत समितीत दिली. मग घरी सांगितलं.

बाबांनी आधी प्रतीवरचा शिक्का तपासला. आईने हातातली कणीक तशीच ठेवली. तिला तो एकच भाऊ.

दुसऱ्या दिवशी मी शिक्का मारलेली प्रत घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी केली. "झालं," म्हणाले. मग विचारलं, "घरी सांगितलंत?"

"आईला सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आता भाऊबीजेला मी कोणाला ओवाळू?"

सर बोलायला लागले आणि थांबले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी असायचं, नियम, कलम, नाहीतर एखाद्या गावची हकिकत. मी वाट पाहत होते. त्यांनी त्या कागदाची घडी पुन्हा उघडली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "झोपड्यांचा विचार केला, चौकशीचा केला, माझ्या सहीचा केला. तुमच्या आईचा मी विचारच केला नव्हता."

त्या घटकेला मला त्यांच्याबद्दल तसूभरही संशय उरला नाही. पण त्याचा मला काही उपयोग नव्हता. दिवाळी आठवड्यावर आली होती, आणि मला घरी जायचं होतं.